ल्युपस आणि मूत्रपिंडे : दुखत नाही म्हणून कळत नाही

नवी दिल्ली : राजधानीलगतच्या ग्रामीण भागातील ९१,८८८ लोकांच्या पाहणीत ल्युपसचे रुग्ण आढळले अवघे तीन. संधिवाताच्या विकारांच्या एका मोठ्या सर्वेक्षणाचा भाग म्हणून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजेच ‘एम्स’मधील, डॉ. आनंद नारायण मालवीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये ‘ल्युपस’ याच नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लाखामागे सुमारे ३.२ असे हे प्रमाण इंग्लंड, फिनलंड किंवा अमेरिकेतील तत्कालीन आकड्यांच्या तुलनेत फारच कमी होते. भारतातील ल्युपसचा विषय निघाला की आजही हाच आकडा पुढे केला जातो.

तीन रुग्णांवर उभा असलेला आकडा किती ताणायचा, हा प्रश्न आहेच. तरीही तो जसाच्या तसा धरला, तर १४० कोटींच्या देशात सुमारे ४५ हजार आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या २०११ मधील सुमारे ४.६ कोटी लोकसंख्येत दीड हजाराच्या आसपास रुग्ण असायला हवेत. प्रत्यक्षातील संख्या याहून अधिक असण्याची शक्यता मोठी आहे. ल्युपस ओळखण्यासाठी रक्ताच्या विशिष्ट चाचण्या लागतात, अनुभवी डॉक्टर लागतो आणि मुख्य म्हणजे तो आजार कोणाच्या तरी मनात यावा लागतो. थकवा, अंगदुखी, केस गळणे, अधूनमधून येणारा ताप या तक्रारी घेऊन आलेल्या पंचविशीतील स्त्रीला अशक्तपणाची गोळी देऊन परत पाठवणे हेच सर्वत्र घडते. दरम्यानच्या काळात आजार मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला, तर तेथे काहीही दुखत नाही.

आपल्याच शरीरावर रोख

‘ल्युपस’ हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, या जुन्या कल्पनेतून हे नाव रूढ झाले. ज्या प्रकाराविषयी येथे लिहिले आहे तो केवळ त्वचेपुरता मर्यादित नसून सर्वांगव्यापी आहे. वैद्यकीय परिभाषेत त्याला ‘सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस’, संक्षेपाने ‘एसएलई’, म्हणतात. हा संसर्गजन्य रोग नव्हे आणि कर्करोगही नव्हे. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी असलेली रोगप्रतिकारक यंत्रणा यात स्वतःच्याच पेशींना परके समजू लागते. दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेकींना आजाराची सुरुवात पंधरा ते पंचेचाळीस या वयात होते. अर्थात पुरुष आणि लहान मुले यांतून सुटलेली नाहीत. मुलांमध्ये मूत्रपिंडे सापडण्याचे प्रमाण उलट जास्त असते.

आजार का होतो याचे एकच उत्तर नाही. आनुवंशिक कल, स्त्रीसंप्रेरके, उन्हातील अतिनील किरणे, काही संसर्ग आणि काही औषधे अशी अनेक कारणे एकत्र येतात. गाल आणि नाकावर पसरलेले फुलपाखराच्या आकाराचे लालसर चट्टे ही ल्युपसची प्रसिद्ध खूण. पण सावळ्या वर्णावर तो लालसरपणा ठळक दिसत नाही आणि ‘उन्हामुळे काळवंडले’ म्हणून सोडून दिला जातो. सांधे सुजणे, तोंडात व्रण होणे, उन्हात गेल्यावर पुरळ उठणे, रक्तातील पेशी कमी होणे, फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणात पाणी साचणे ही इतर लक्षणे. प्रत्येक रुग्णात ती वेगवेगळ्या मिश्रणाने येतात. म्हणूनच रुग्ण आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे, मग अस्थिरोगतज्ज्ञाकडे आणि बऱ्याच उशिरा संधिवाततज्ज्ञाकडे पोहोचतो.

गाळणीत काय घडते

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला दीडशे ते एकशे ऐंशी लिटर द्रव गाळतात, त्यातील बहुतेक सगळा परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवीच्या रूपाने बाहेर टाकतात. या गाळणीची रचना अशी असते की पाणी, क्षार आणि युरियासारखी टाकाऊ द्रव्ये पार व्हावीत, पण रक्तपेशी आणि प्रथिने रक्तातच राहावीत.

ल्युपसमध्ये पेशींच्या केंद्रकातील घटकांविरुद्ध, विशेषतः डीएनएविरुद्ध, प्रतिपिंडे तयार होतात. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा कचरा एरवी निमूटपणे उचलला जातो. येथे ती सफाई नीट होत नाही. उरलेल्या कचऱ्याला प्रतिपिंडे चिकटतात आणि त्यांची जुडगी बनतात. एवढा मोठा रक्तप्रवाह गाळणाऱ्या अवयवात ही जुडगी अडकणे ओघानेच येते. काही तर थेट गाळणीतच तयार होतात. ती अडकली की रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ ही पूरक प्रथिने जागी होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि दाह सुरू होतो. जंतू मारण्यासाठी असलेली ही सारी फौज गाळणीचीच नासधूस करते. या अवस्थेला ‘ल्युपस नेफ्रायटिस’ म्हणतात.

जुडगी नेमकी कोठे अडकतात यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ती गुच्छाच्या मधल्या आधार-ऊतीत राहिली, तर हानी सौम्य असते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली साचली, तर ती रक्तप्रवाहाला सन्मुख असतात. दाह तीव्र होतो, लघवीत रक्तपेशी येतात, रक्तदाब चढतो आणि काही आठवड्यांत मूत्रपिंडाचे कार्य ढासळू शकते. तीच जुडगी गाळणीच्या बाहेरच्या बाजूला साचली, तर दाह कमी पण गळती फार. अशा रुग्णाच्या लघवीतून दिवसाला कित्येक ग्रॅम प्रथिने वाहून जातात, अंगाला सूज येते आणि रक्ताच्या गाठी होण्याचा धोकाही वाढतो. एकाच आजाराची दोन रुग्णांतील चित्रे इतकी वेगळी का, याचे उत्तर बऱ्याच अंशी या काही सहस्रांश मिलिमीटरच्या फरकात आहे.

ल्युपसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत केव्हा ना केव्हा मूत्रपिंडे सापडतात. बहुतेकांत हे निदानानंतरच्या पहिल्या तीन ते पाच वर्षांत घडते आणि काहींत तर मूत्रपिंडाचा विकार हीच आजाराची पहिली ओळख ठरते. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत हे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा अधिक आणि स्वरूपही अधिक तीव्र असते. नेफ्रायटिस झालेल्यांपैकी साधारण दहा ते तीस टक्क्यांची मूत्रपिंडे कालांतराने निकामी होतात, असे विविध अभ्यास सांगतात. ही मर्यादा एवढी रुंद असण्यामागे उपचार केव्हा सुरू झाले आणि किती सातत्याने चालले, हे एक मोठे कारण आहे.

लघवीची साधी तपासणी

मूत्रपिंडातील या दाहात कंबर दुखत नाही, लघवीला जळजळ होत नाही. मूतखडा किंवा लघवीच्या मार्गातील संसर्ग यांच्यासारखी ओरडून सांगणारी लक्षणे येथे नसतात. सुरुवातीच्या काळात तर काहीच जाणवत नाही. नंतर लघवीला फेस येऊ लागतो; साबणाच्या पाण्यासारखा आणि लवकर न विरणारा. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या दिसतात, संध्याकाळपर्यंत पैंजण किंवा मोजे घोट्यावर रुतू लागतात. रात्री लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागते. तरुण वयात रक्तदाब १४०-१५० च्या घरात जातो आणि त्याचे खापर कामाच्या ताणावर फोडले जाते. लघवीचा रंग चहासारखा झाला, तर रुग्ण घाबरून डॉक्टरांकडे जातो. पण रक्तपेशी बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, डोळ्यांना नाही.

त्यामुळे ल्युपसचे निदान झालेल्या प्रत्येकाची, लक्षणे असोत वा नसोत, लघवीची तपासणी ठरावीक अंतराने व्हावी असे संधिवाततज्ज्ञ सांगतात. आजार सक्रिय असेल तर दर तीन महिन्यांनी, शांत असेल तर सहा महिन्यांनी. ही तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होते आणि तिला खर्चही फारसा येत नाही. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिने जातात. ल्युपसच्या रुग्णात हे प्रमाण ५०० मिलिग्रॅमच्या वर गेले, की पुढील तपासाची वेळ झाली असे मानतात. पूर्वी यासाठी चोवीस तासांची लघवी मोठ्या बाटलीत साठवावी लागे. आता सकाळच्या एका नमुन्यातील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तरावरून पुरेसा अंदाज येतो. नोकरदार स्त्रीला बाटली घेऊन कार्यालयात जाणे शक्य नसते, हे ध्यानात घेतले तर या बदलाचे मोल कळते.

रक्तातील क्रिएटिनिनवर मात्र एकट्यावर विसंबणे धोक्याचे. मूत्रपिंडांची राखीव क्षमता इतकी मोठी असते, की बरीच हानी होईपर्यंत क्रिएटिनिन प्रयोगशाळेने छापलेल्या ‘सामान्य’ मर्यादेतच राहते. त्यातून कमी वजनाच्या, कमी स्नायू असलेल्या स्त्रीत ते मुळातच कमी असते. तिचे ०.५ वरून १.० झाले, तर अहवालात कोणतीही तांबडी खूण दिसणार नाही. प्रत्यक्षात मूत्रपिंडांचे कार्य जवळपास निम्म्यावर आलेले असेल. जुने अहवाल जपून ठेवणे आणि दर भेटीला बरोबर नेणे यासाठीच आवश्यक. त्याखेरीज डीएनएविरोधी प्रतिपिंडांची पातळी वाढणे आणि ‘सी३’, ‘सी४’ ही पूरक प्रथिने घटणे, या दोन गोष्टी वादळाची पूर्वसूचना देऊ शकतात. ‘एएनए’ ही चाचणी निदानाच्या वेळी उपयोगी पडते, पण आजाराची तीव्रता मोजण्यासाठी ती पुन्हा पुन्हा करून काही साधत नाही. अनेक रुग्णांच्या फायलींत मात्र सर्वाधिक वेळा केलेली चाचणी तीच असते.

सुईएवढा तुकडा

लघवीत प्रथिने आहेत एवढ्यावरून आत नेमके काय चालले आहे ते कळत नाही. त्यासाठी मूत्रपिंडाची बायोप्सी करतात. नावामुळे कर्करोगाची शंका येते आणि नातेवाईक दचकतात. येथे तिचा कर्करोगाशी संबंध नसतो. रुग्णाला पालथे झोपवून, सोनोग्राफीच्या साहाय्याने जागा निश्चित करून, तेवढाच भाग बधिर केला जातो आणि बारीक सुईने ऊतीचे एक-दोन धागे काढले जातात. आगपेटीतील काडीहूनही ते बारीक असतात. त्यानंतर काही तास उताणे पडून राहावे लागते. लघवी थोडी लालसर होऊ शकते. गंभीर रक्तस्राव क्वचित होतो. रक्तदाब आटोक्यात आणणे, रक्त गोठण्याची क्षमता तपासणे आणि ॲस्पिरिनसारखी औषधे आधी थांबवणे, ही पूर्वतयारी असते.

या तुकड्याची साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आणि प्रतिदीप्ती तंत्राने तपासणी होते. त्यावरून सहा वर्ग ठरवले जातात. पहिले दोन सौम्य. तिसऱ्यात निम्म्याहून कमी आणि चौथ्यात निम्मे किंवा त्याहून अधिक गुच्छ दाहाने ग्रासलेले असतात. तातडीचे आणि जोरकस उपचार प्रामुख्याने याच दोन वर्गांना लागतात. पाचवा वर्ग प्रथिनांच्या गळतीचा. सहाव्यात नव्वद टक्क्यांहून अधिक गुच्छ वाळून गेलेले असतात आणि तेथे दाहावरील औषधांचा उपयोग नसतो, उलट अपायच होतो. बायोप्सीच्या अहवालात दाह किती ताजा आणि व्रण किती जुने, याचेही स्वतंत्र गुणांकन असते. ताजा दाह औषधांनी शमतो. जुना व्रण भरून येत नाही. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या हातात किती वेळ आहे, ते या दोन अंकांवरून समजते.

उपचार : महिन्यांचे नव्हे, वर्षांचे

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ल्युपसच्या निदानानंतर चार वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम निम्मे होते, असे अमेरिकेतील बाल्टिमोर येथील अभ्यासात दिसले होते. आज दहा वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण चांगल्या केंद्रांत नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. या पालटात स्टेरॉइडचा वाटा मोठा, तसाच डायलिसिसचा, प्रतिजैविकांचा आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचाही.

सध्याच्या उपचारांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी जवळपास प्रत्येक रुग्णाला दिली जाते. मलेरियावरील हे जुने औषध ल्युपसचा पुन्हा भडका उडण्याचे प्रमाण घटवते. २०२० च्या मार्चमध्ये कोविडवरील संभाव्य उपाय म्हणून त्याच्यावर झुंबड उडाली. केंद्र सरकारने आधी निर्यातीवर बंदी घातली आणि पाठोपाठ किरकोळ विक्रीवर निर्बंध आणले. कोविडवर त्याचा उपयोग होत नसल्याचे पुढे सिद्ध झाले. परंतु ज्यांना ती गोळी रोज लागत होती, त्या ल्युपसच्या रुग्णांना टाळेबंदीत ती मिळवण्यासाठी दुकानोदुकानी हिंडावे लागले. या गोळीचा डोळ्यांच्या पडद्यावर दूरगामी परिणाम होऊ शकतो, म्हणून वजनाच्या दर किलोमागे दिवसाला पाच मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात आणि नेत्रतपासणी नियमित करतात. मूत्रपिंडे अशक्त असतील तर ही काळजी अधिक काटेकोरपणे घ्यावी लागते.

तिसऱ्या-चौथ्या वर्गातील दाह विझवण्यासाठी आरंभी शिरेवाटे स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा आणि त्यानंतर गोळ्या, त्याही शक्य तितक्या लवकर कमी करत नेणे, असा आजचा कल आहे. जोडीला सायक्लोफॉस्फमाइड किंवा मायकोफेनोलेट. सायक्लोफॉस्फमाइडची जुनी पद्धत प्रभावी होती, पण मोठ्या मात्रेमुळे बीजकोशांवर परिणाम होऊन अनेक तरुणींना मातृत्वाला मुकावे लागे. युरोपातील डॉक्टरांनी दर पंधरवड्याला ५०० मिलिग्रॅम अशी सहा इंजेक्शने, म्हणजे एकूण तीन ग्रॅम, देण्याची पद्धत २००२ मध्ये पुढे आणली. भारतीय रुग्णांत ती पुरेशी पडेल का, ही शंका होती. चंडीगडच्या पीजीआयमधील डॉक्टरांनी शंभर रुग्णांत या छोट्या मात्रेची मायकोफेनोलेटशी तुलना केली. आजार फार तीव्र नसलेल्या रुग्णांत दोन्ही उपचारांचा गुण जवळपास सारखा आल्याचे त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. रोजच्या गोळ्या वर्षानुवर्षे विकत घेणे ज्या घरांना जड जाते, त्यांच्या दृष्टीने सहा इंजेक्शनांचा पर्याय उपलब्ध असणे ही लहान गोष्ट नव्हे.

टॅक्रोलिमस, रिटुक्सिमॅब ही औषधेही गरजेप्रमाणे वापरली जातात. बेलिमुमॅब आणि व्होक्लोस्पोरिन यांना अमेरिकी औषध नियामकांनी अनुक्रमे डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्ये खास ल्युपस नेफ्रायटिससाठी मान्यता दिली. पण ही नवी औषधे सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर आहेत. प्रथिनांची गळती कमी करण्यासाठी रक्तदाबाच्या विशिष्ट गटातील गोळ्या, पथ्यात दिवसाला एक चमच्याहून कमी मीठ, आणि लोणचे-पापड-फरसाण यांना आवर, ही बाकीची बाजू. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडे अशक्त असलेल्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

उपचार लागू पडत आहेत का, हे पुन्हा लघवीच सांगते. तीन महिन्यांत प्रथिनांची गळती किमान चतुर्थांशाने, सहा महिन्यांत निम्म्याने घटावी आणि वर्षअखेरीस ती दिवसाला अर्धा ग्रॅम किंवा त्याच्या जवळपास यावी, अशी अपेक्षा ठेवली जाते. सूज उतरली, चेहऱ्यावर तजेला आला, की औषधे बंद करण्याचा मोह होतो आणि घात तेथेच होतो. आरंभीचे आणि नंतरचे उपचार मिळून किमान तीन वर्षे चालावेत, असे २०२४ मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर त्यानंतरही. स्टेरॉइड एकाएकी थांबवणे वेगळ्याच कारणासाठी जिवावर बेतू शकते, कारण दीर्घ वापरानंतर शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती मंदावलेली असते.

ताप आला तर

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या माणसाला आपल्याकडे वावरताना संसर्गाशी सतत गाठ पडते. क्षयरोग सुप्तावस्थेत असेल तर तो डोके वर काढतो. म्हणून उपचारांपूर्वी छातीची क्ष-किरण तपासणी, यकृताच्या ‘बी’ आणि ‘सी’ काविळीच्या चाचण्या केल्या जातात. न्यूमोनिया आणि फ्लू यांच्या लशी घ्यायच्या असतात; जिवंत विषाणू असलेल्या लशी मात्र या काळात वर्ज्य.

दिल्ली परिसरात पावसाळ्याच्या शेवटी आणखी एक पेच निर्माण होतो. ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आणि घटलेल्या प्लेटलेट : डेंग्यूचे हे वर्णन सक्रिय ल्युपसलाही तंतोतंत लागू पडते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गर्दीत ल्युपसची नवी रुग्ण डेंग्यू समजून घरी पाठवली जाऊ शकते, आणि जुन्या रुग्णाचा डेंग्यू ल्युपसचा भडका समजून स्टेरॉइड वाढवले जाऊ शकते. दोन्ही चुका महागात पडतात. पंधरवडा उलटूनही प्लेटलेट सावरल्या नाहीत किंवा लघवीत प्रथिने आढळली, तर डेंग्यूपलीकडे पाहायला हवे.

सांधे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या हा दुसरा घरगुती धोका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गटातील गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवतात. दाहाने आधीच जर्जर झालेल्या गाळणीला तेवढे निमित्त पुरते. ज्यात शिसे किंवा पारा असू शकतो अशा, घटकांची नोंद नसलेल्या पुड्यांबाबतही तेच.

लग्न, गरोदरपण आणि लपवाछपवी

हा आजार ज्या वयात येतो, ते वय आपल्याकडे लग्न ठरण्याचे असते. मुलीचे नाव आजाराशी जोडले जाऊ नये म्हणून घरचे निदान लपवतात; सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या बंद होतात. काही महिन्यांत गर्भधारणा होते आणि दाह उफाळतो. येथवरचा प्रत्येक टप्पा टाळता येण्यासारखा आहे, कारण ल्युपस असलेली स्त्री आई होऊ शकते. मूत्रपिंडांचा दाह किमान सहा महिने शांत असावा आणि गर्भधारणा आधी ठरवून व्हावी, एवढी अट आहे. मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग निर्माण होते, म्हणून ते निदान सहा आठवडे आधी थांबवून त्याऐवजी ॲझॅथायोप्रिन दिले जाते. प्रथिनांची गळती रोखणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्याही बदलाव्या लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र चालू ठेवायचे असते. ‘गरोदरपणात कोणतेही औषध नको’ असे सांगणारी वडीलधारी माणसे नेमकी हीच गोळी आधी बंद करायला लावतात.

पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब वाढला आणि लघवीत प्रथिने आली, तर ते गरोदरपणातील रक्तदाबाचे दुखणे की ल्युपसचा भडका, हे ठरवणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. एकावरचा उपाय प्रसूती, दुसऱ्यावरचा दाहशामक उपचार. अशा वेळी गरोदरपणापूर्वीचे अहवाल आणि पूरक प्रथिनांची पातळी कामी येते. प्रसूतितज्ज्ञ, संधिवाततज्ज्ञ आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञ एकाच आवारात मिळणे म्हणूनच महत्त्वाचे. तशी सोय असलेली रुग्णालये महानगरांतच एकवटली आहेत. ‘एम्स’च्या बाह्यरुग्ण विभागात उत्तर प्रदेश, बिहारपासून रुग्ण रात्रीच्या गाडीने येतात, तसेच मराठवाडा-विदर्भातून मुंबई-पुण्याला जातात. तीन महिन्यांनी यायला सांगितलेला रुग्ण प्रवासखर्चापायी आठ महिन्यांनी आला, तर तेवढ्यात ताज्या दाहाचे जुने व्रण झालेले असू शकतात.

मूत्रपिंडे निकामी झाल्यास

तोवर उशीर झालाच, तर डायलिसिस आणि प्रत्यारोपण हे मार्ग उरतात. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळावे यासाठी केंद्राने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. ल्युपसबाबत एक विलक्षण बाब अशी, की मूत्रपिंडे निकामी झाल्यावर पुष्कळ रुग्णांत मूळ आजार बराचसा निवळतो. सांधे आणि त्वचेच्या तक्रारीही मागे हटतात. मात्र हे सर्वांत घडत नाही, त्यामुळे संधिवाततज्ज्ञाची भेट चुकवून चालत नाही.

प्रत्यारोपण हा डायलिसिसपेक्षा सरस पर्याय आहे. आजार शांत झाल्यावर ते करण्यास अडचण नसते. नव्या मूत्रपिंडात ल्युपस पुन्हा उद्भवू शकतो, परंतु त्यामुळे ते गमावण्याचे प्रसंग विरळा. प्रत्यारोपणानंतर नवा अवयव टिकवण्यासाठी लागणारी मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस ही औषधे ल्युपसलाही आवरून धरतात. अमेरिकी गायिका सेलेना गोमेझ यांनी ल्युपसमुळे आपल्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण करावे लागल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले, तेव्हा त्यांचे वय होते पंचवीस वर्षे. मूत्रपिंड त्यांच्या मैत्रिणीने दिले होते. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आईवडील, भावंडे, अपत्ये, पती-पत्नी, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे यांना निकटचे नातेवाईक म्हणून अवयव देता येतो. अन्य दात्यासाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते. रक्ताचे नातेवाईक दाते म्हणून पुढे आले, तर त्यांची लघवी आणि प्रतिपिंडे आधी तपासली जातात, कारण ल्युपसचा कल कुटुंबात असू शकतो. मुलीला मूत्रपिंड द्यायला आलेल्या आईच्या किंवा बहिणीच्या लघवीतही प्रथिने असल्याचे अशा तपासणीतच प्रथम उघड होऊ शकते.